निर्वासित कुटुंबाच्या पहिल्या वर्षाच्या नोंदी

१५ जानेवारी २०२३

आज उपासनेनंतर झालेल्या सभेत एका निर्वासित कुटुंबाला स्पॉन्सर करण्याचा ठराव आमच्या चर्चच्या मंडळीने संमत केला आणि समितीची चिटणीस म्हणून कामाची नोंद ठेवणे माझ्याकडे आले. सभेचे अधिकृत इतिवृत्त इंग्रजीत राहील. या नोंदी मी मराठीत ठेवते आहे, कारण कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातल्या आणि इतरत्रच्या काही मराठी ख्रिस्ती कुटुंबांनी आपल्या मंडळीला हे काम झेपेल का, असे मला विचारले आहे. त्यांना वर्षभरानंतर आठवेल तसे उत्तर देण्यापेक्षा त्या त्या दिवशी लिहिलेले दाखवणे मला अधिक प्रामाणिक वाटते. येणाऱ्या कुटुंबातील कोणाचेही नाव किंवा ओळख पटेल असा तपशील इथे येणार नाही.

‘स्पॉन्सर’ हा शब्द मी तसाच ठेवला आहे. ‘प्रायोजक’ म्हटले की कार्यक्रमाच्या फलकावरचे नाव डोळ्यांपुढे येते आणि ‘पालक’ म्हटले की समोरचे माणूस आपोआप लहान होते. कायद्याच्या दृष्टीने आपण जे देतो ती एक हमी आहे : कुटुंब कॅनडात उतरल्यापासून साधारणपणे बारा महिने, किंवा त्याआधी ते स्वतःच्या पायावर उभे राहीपर्यंत, त्यांचा निवारा, खर्च आणि सोबत यांची जबाबदारी आपली. हमी देणारा हमीचाच धनी असतो, माणसांचा धनी होत नाही, हे पाळकसाहेबांनी सभेत दोनदा सांगितले.

२९ जानेवारी २०२३

कॅनडात निर्वासितांना खासगीरीत्या स्पॉन्सर करण्याची तरतूद १९७६ च्या इमिग्रेशन कायद्याने झाली आणि तो १९७८ मध्ये अमलात आला. मार्च १९७९ मध्ये मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या मेनोनाइट सेंट्रल कमिटी या संस्थेने सरकारशी पहिला करार केला. मेनोनाइट लोकांपैकी अनेकांचे आईबाप १९२० च्या दशकात सोव्हिएत राजवटीतून निर्वासित होऊनच या देशात आले होते, त्यामुळे सुरुवात त्यांच्या हातून झाली याचे मला नवल वाटत नाही. १९७९ आणि १९८० या दोन वर्षांत व्हिएतनाम, कंबोडिया आणि लाओसमधून सुमारे ६०,००० निर्वासित आले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना नागरिकांच्या गटांनी आणले आणि त्या गटांत चर्चांचा वाटा मोठा होता. १९८६ मध्ये निर्वासितांच्या सेवेसाठी दिले जाणारे नॅन्सेन पदक ‘कॅनडाच्या जनतेला’ मिळाले, त्यामागे हेच काम होते.

आज ज्या संस्थांचा सरकारशी असा करार आहे त्यांना करारधारक संस्था म्हणता येईल. त्यांतील बहुतेक धार्मिक संस्था आहेत. आपल्यासारखी एकटी मंडळी अशा संस्थेच्या छत्राखाली घटक गट म्हणून काम करते. अंतिम कायदेशीर जबाबदारी करारधारकाची राहते, म्हणून तो आपले हिशेब, आपली योजना आणि आपल्या स्वयंसेवकांचे पोलीस तपासणीचे दाखले पाहतो. हा त्रास वाटू नये. नवख्या मंडळीने करायची पहिली गोष्ट म्हणजे आपल्या पंथाची अशी संस्था आहे का, हे शोधणे.

मार्गांपैकी आम्ही मिश्र योजना निवडली, जी २०१३ पासून चालू आहे. तीत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तांच्या कार्यालयाने शिफारस केलेल्या कुटुंबाशी आपली जोडणी होते. सहा महिन्यांचा निर्वाहखर्च सरकार देते, उरलेले सहा महिने आणि घर मांडण्याचा सुरुवातीचा खर्च आपला असतो, आणि सोबत मात्र पूर्ण वर्षाची. दुसऱ्या मार्गाने, म्हणजे आपणच नाव सुचवून, एखाद्याच्या नातलगाला आणता येते, परंतु तिथे वाट पाहणे कित्येकदा काही वर्षांचे होते. आमच्या मंडळीकडे सुचवण्यासारखे नाव नव्हते, त्यामुळे निर्णय सोपा झाला.

१२ फेब्रुवारी २०२३

पैशाबाबत तीन गोष्टी ठरल्या. निधीचे खाते मंडळीच्या चालू खात्यापासून वेगळे राहील. एकरकमी दानापेक्षा मासिक वचने घेतली जातील, कारण उत्साह पहिल्या महिन्यात ओसंडतो आणि भाडे बाराही महिने द्यायचे असते. तिसरी गोष्ट नियमाचीच आहे : येणाऱ्या कुटुंबाकडून, आधी किंवा नंतर, परतफेड म्हणून किंवा ठेव म्हणून, एक डॉलरही घ्यायचा नाही.

२६ फेब्रुवारी २०२३

जोडणी झाली. नवराबायको, नवऱ्याची आई आणि तीन मुले असे सहा जणांचे हे कुटुंब सीरियातले असून अनेक वर्षे जॉर्डनमध्ये आहे. ते मुसलमान आहेत.

सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी उघडपणे विचारले की, एखादे ख्रिस्ती कुटुंब मागता आले नसते का. प्रश्न विचारला गेला हे बरे झाले, कारण तो अनेकांच्या मनात होता. पाळकसाहेबांनी उत्तर दिले की, परक्याला घरात घेण्याची आज्ञा आपल्याला आहे, त्या आज्ञेत परक्याचा धर्म विचारलेला नाही. चर्चा लांबली, पण शेवटी ठराव लेखी झाला : समितीचा कोणताही सदस्य कुटुंबाला उपासनेचे आमंत्रण देणार नाही, धर्मपुस्तक भेट देणार नाही आणि मदतीच्या बदल्यात उपस्थितीची अपेक्षा सूचितही करणार नाही. ज्याच्या हातात भाड्याचा धनादेश आहे त्याने दिलेले आमंत्रण नाकारणे सोपे नसते. ते लोक आपणहून विचारतील तर मोकळेपणाने बोलायला कोणाचीच हरकत नाही.

त्याच संध्याकाळी जवळच्या मशिदीच्या कार्यालयात मी आणि पाळकसाहेब जाऊन आलो. अरबी बोलणारे दोन स्वयंसेवक तिथेच मिळाले.

१८ मार्च २०२३

आज दिवसभराचे प्रशिक्षण झाले. स्पॉन्सर गटांना शिकवण्यासाठी सरकारी निधीतून एक राष्ट्रीय प्रशिक्षण कार्यक्रम चालतो आणि तो विनामूल्य आहे. कागदपत्रांची माहिती कुठेही वाचता येईल, पण तिथे सत्तेच्या असमतोलावर जो एक तास झाला तो मला सर्वांत मोलाचा वाटला. प्रशिक्षकाने आम्हाला विचारले की, तुमच्या घरात कोणता साबण वापरायचा हे गेल्या वर्षी कोणी ठरवले. निर्वासित छावणीत किंवा परक्या शहरात वर्षे काढलेल्या माणसाच्या आयुष्यातले जवळजवळ सर्व निर्णय इतरांनी घेतलेले असतात, आणि सद्हेतूने आलेला स्पॉन्सर नकळत त्या इतरांच्या रांगेत जाऊन उभा राहतो.

यानंतर उपसमित्या नेमल्या : निवास, आरोग्य, शाळा व भाषा, वाहतूक, हिशेब. प्रत्येकीत किमान दोन माणसे आहेत, म्हणजे एक आजारी पडला तरी काम अडणार नाही आणि कुटुंबालाही एकाच माणसाच्या स्वभावावर विसंबावे लागणार नाही.

१६ एप्रिल २०२३

घर शोधणे हे या कामातले सर्वांत कठीण काम ठरते आहे. भाडेकरूचा कॅनडातला पतइतिहास नाही, नोकरी नाही आणि तो अजून देशातही नाही, हे ऐकून घरमालक फोन ठेवतात. एकाने सहा महिन्यांचे भाडे आगाऊ मागितले. ऑन्टारिओच्या भाडेकरू कायद्यानुसार घरमालकाला पहिल्या महिन्याच्या भाड्याखेरीज ठेव म्हणून फक्त शेवटच्या महिन्याचे भाडे मागता येते, त्याहून अधिक मागणे बेकायदा आहे. आम्ही ते घर सोडले. पैसे होते, पण कुटुंबाची इथली सुरुवात बेकायदा व्यवहाराने व्हावी हे कोणालाच पटले नाही.

निवास उपसमितीत मतभेद झाले. काहींना घर आत्ताच पक्के करून, सजवून, किल्ली हातात द्यायची होती. माझे मत असे होते की, पहिले काही आठवडे एका सभासदाच्या घराच्या तळमजल्यावरील स्वतंत्र भागात राहण्याची सोय करावी आणि कायमचे घर कुटुंबाने स्वतः पाहून निवडावे. मतदान झाले आणि दुसरे मत थोड्या फरकाने मान्य झाले.

सामानाविषयी एक नियम मी आग्रहाने लिहून घेतला. गाद्या नव्या घ्यायच्या, आणि जी वस्तू आपण आपल्या बहिणीच्या घरी पाठवणार नाही ती दान म्हणून स्वीकारायची नाही. आज मंडळीच्या तळघरातून पाय मोडलेल्या तीन खुर्च्या आणि एक न चालणारा टीव्ही परत पाठवला.

९ मे २०२३

येणार असल्याची अधिकृत सूचना साधारण दहा दिवस आधी मिळाली आणि आज रात्री टोरॉन्टोच्या पियर्सन विमानतळावर कुटुंब उतरले. मंडळीतल्या वीस-बावीस लोकांना फलक घेऊन यायचे होते. आम्ही फक्त चौघे गेलो : दोघे समितीचे, एक दुभाषी आणि एक गाडी चालवणारे. दोन दिवस प्रवास करून आलेल्या माणसाला अनोळखी गर्दीचे हसू झेपत नाही, आणि फोटो काढायचे नाहीत हे आधीच ठरले होते. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेच्या पिशव्या त्यांच्या हातात होत्या, त्यावरून ओळखायला वेळ लागला नाही. आजी चाकांच्या खुर्चीत होत्या. धाकटा मुलगा झोपला होता.

मी स्वतः या देशात आले तेव्हा विमानतळावर भाऊ घ्यायला आला होता. इथे त्या भावाच्या जागी आम्ही होतो, आणि आम्हाला त्यांच्या भाषेत ‘दमलात का’ एवढेही दुभाष्यावाचून विचारता आले नाही.

१९ मे २०२३

दहा दिवस कागदांचे गेले. खासगी स्पॉन्सरशिपने आलेले निर्वासित उतरताक्षणीच कायम रहिवासी होतात, त्यामुळे इतर गोष्टी भराभर सुरू करता येतात. सोशल इन्शुरन्स क्रमांक, बँक खाते, प्रांताचे आरोग्यकार्ड, मुलांसाठीच्या केंद्र सरकारच्या मासिक भत्त्याचा अर्ज, शाळाप्रवेश आणि त्यासाठी लसीकरणाची नोंद, प्रौढांची इंग्रजी चाचणी, असा क्रम आम्ही ठेवला. भाषेचे वर्ग सरकारी खर्चाने असतात, पण लहान मुलांना सांभाळण्याची सोय असलेल्या वर्गाला प्रतीक्षायादी असते, म्हणून तिथे नाव पहिल्याच आठवड्यात घालावे.

आरोग्याबाबत एक गोष्ट ठळकपणे नोंदवते. प्रांताच्या कार्डात प्रौढांची औषधे, दात आणि चष्मा येत नाहीत. ते खर्च निर्वासितांसाठीच्या अंतरिम केंद्रीय आरोग्य योजनेतून होतात आणि आमच्यासारख्या प्रकरणी हा जादा लाभ स्पॉन्सरशिपच्या काळापुरताच असतो. सगळेच दवाखाने आणि औषधदुकाने या योजनेत नोंदलेली नसतात. आजींच्या रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी एका दुकानातून आम्हाला परत पाठवले गेले. त्यानंतर आरोग्य उपसमितीने दुकानांची, दंतवैद्यांची आणि चष्म्याच्या दुकानांची फोन करून यादी केली. हे काम कुटुंब येण्याआधी करायला हवे होते.

आणखी एक : दवाखान्यात बारा वर्षांच्या मुलीला दुभाषी करू नये. पहिल्या भेटीत आमच्याकडून ते झाले आणि आजीचे दुखणे सांगताना त्या मुलीचा चेहरा कसा झाला, हे मी विसरणार नाही.

११ जून २०२३

कुटुंबाने चार घरे पाहिली आणि आम्हाला सर्वांत कमी आवडलेले घर निवडले. ते जुन्या इमारतीत आहे, स्वयंपाकघर अरुंद आहे. परंतु खाली बसथांबा आहे, मशीद चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि त्याच मजल्यावर एक अरबी बोलणारी म्हातारी राहते, जिच्याशी आजींची पहिल्या दहा मिनिटांत ओळख झाली. आम्ही पाहत होतो खोल्यांचा आकार, आणि त्यांनी पाहिले की आपण नसताना आजीला कोणाशी बोलता येईल. भाडेकरारावर दोघांनी स्वतः सही केली.

१६ जुलै २०२३

आजची बैठक कठीण झाली. खर्चाच्या पैशातून कुटुंबाने जॉर्डनला पैसे पाठवले असे कळल्यावर खजिनदारांनी हरकत घेतली की, मंडळीने दिलेले दान त्यासाठी नव्हते. खजिनदार कठोर माणूस नाहीत. वचने देणाऱ्यांत दोन निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या विधवा आहेत, त्यांना आपण काय उत्तर द्यायचे, हा त्यांचा खरा प्रश्न होता. तासभराच्या चर्चेअंती समितीने ठरवले की, दरमहा दिलेली रक्कम ही कुटुंबाचे उत्पन्न आहे आणि उत्पन्नाचा हिशेब मागितला जात नाही. भाडे वेळेवर जाते की नाही आणि घरात अन्न आहे की नाही, एवढेच आपण पाहायचे. पैसे कोणाला पाठवले, हे त्या दिवशी आम्ही विचारले नाही.

त्याच बैठकीत दोन नियम पुन्हा वाचून दाखवले. मुलांचा सरकारी भत्ता आला म्हणून स्पॉन्सरने आपली रक्कम कमी करायची नसते. आणि घरातले कोणी नोकरीला लागले, तर मासिक मदतीच्या निम्म्या रकमेपर्यंतची कमाई त्यांच्याकडेच राहते, मदत कमी होते ती त्यापुढे. वडिलांनी एका गोदामात अर्धवेळ काम शोधले आहे. समितीतल्या निवृत्त शिक्षिकेचे म्हणणे, आधी इंग्रजी पूर्ण व्हावे, नाहीतर ते गोदामातच अडकतील. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि त्यांनी ते वडिलांना सांगितलेही. वडिलांनी ऐकून घेतले आणि संध्याकाळचा भाषावर्ग व सकाळचे काम असा मार्ग काढला.

२७ ऑगस्ट २०२३

ज्या गोष्टीसाठी या नोंदी कोणी वाचाव्यात असे मला वाटते, ती आज घडली.

चहा घेताना मुलांच्या आईने दुभाष्यामार्फत विचारले की, मोठ्या मुलासाठी अर्ज कधी करता येतो. आम्हाला तीन मुले माहीत होती. चौथा, वयाने सर्वांत मोठा, वीस वर्षांचा मुलगा जॉर्डनमध्ये राहिला आहे. प्रवासाच्या वेळी त्याचे कागद पूर्ण नव्हते आणि कुटुंबाला संधी जाण्याची भीती होती. जुलैमधले पैसे त्याला गेले होते.

निर्वासित म्हणून आलेल्यांना, मागे राहिलेला जोडीदार किंवा अवलंबित मूल आणण्यासाठी, आल्यापासून एका वर्षाच्या आत एक खास अर्ज करता येतो. अट अशी की, त्या व्यक्तीचे नाव मूळ अर्जात नोंदलेले असले पाहिजे. अवलंबित म्हणजे अविवाहित आणि बावीस वर्षांखालील, ही मर्यादा २०१७ पासून आहे. रात्रीच करारधारक संस्थेला फोन केला. मुलाचे नाव मूळ अर्जात आहे. आमच्या हमीपत्रातही ‘सोबत न येणारा’ या रकान्यात ते आहे, आणि तो कागद माझ्याच फायलीत फेब्रुवारीपासून पडून होता. मी सहा नावे वाचून थांबले होते.

अर्जाला अजून आठ महिने होते म्हणून निभावले. कोणत्याही मंडळीने पहिल्या महिन्यातच, शांतपणे, योग्य दुभाष्यासह हा प्रश्न विचारावा : तुमचे कोणी मागे राहिले आहे का?

२४ सप्टेंबर २०२३

मुलाचा अर्ज पाठवला. पोचपावतीची एक प्रत आईने मागून घेतली.

२९ ऑक्टोबर २०२३

थंडीचे कपडे खरेदी करून झाले. प्रवासखर्चाच्या कर्जाची माहिती वडिलांना पुन्हा समजावून दिली. विमानाच्या तिकिटांचा खर्च सरकार कर्ज म्हणून देते आणि त्याची परतफेड आल्यापासून वर्षाने सुरू होते. २०१८ पासून त्यावर व्याज नाही. तरीही नव्या देशात पाय ठेवताना माणूस कर्जदार असतो, ही गोष्ट मला खटकते, आणि मंडळीने त्याविषयी लोकप्रतिनिधींना पत्र लिहावे असे मी सुचवले आहे.

१७ डिसेंबर २०२३

नाताळच्या भेटींचा ढीग मंडळीत जमला. एकूण एकावन्न पुडकी होती, त्यांतली बहुतेक मुलांसाठी. आईवडिलांसमोर मुलांवर अनोळखी लोकांनी खेळण्यांचा वर्षाव केला तर आईवडिलांच्या हातात काय उरते, असा प्रश्न शिक्षिकेने विचारला. आम्ही पुडकी वडिलांच्या स्वाधीन केली. कोणती, कधी आणि कोणाच्या नावाने द्यायची, की शेजारी वाटून टाकायची, हे त्यांनी ठरवले.

समितीतले दोघे या महिन्यात बाजूला झाले. एकाची आई आजारी आहे. दुसरे थकले आहेत आणि त्यांनी ते सरळ सांगितले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

११ फेब्रुवारी २०२४

तेराव्या महिन्याची योजना आज झाली. मेनंतर मंडळीचे पैसे थांबतील. वडिलांचे काम पूर्णवेळ झाले आहे, आई मार्चपासून भाषेच्या पुढच्या पातळीवर जाईल. आजींच्या औषधांचे काय, हा प्रश्न होता. त्या पासष्टीपुढच्या असल्याने प्रांताच्या औषधयोजनेत बसतात. उत्पन्न कमी पडले तर ऑन्टारिओ वर्क्स ही प्रांताची साहाय्ययोजना आहे. तिच्याकडे जाणे म्हणजे आपण अपयशी ठरलो, असे सभेत कोणी म्हटले, ते मला मान्य नाही. कायम रहिवाशाचा तो हक्क आहे, आणि त्याची माहिती वडिलांना अकराव्या महिन्यात घाईने देण्यापेक्षा आत्ता दिलेली बरी.

२४ मार्च २०२४

रमझान चालू आहे. काल संध्याकाळी कुटुंबाने समितीला रोजा सोडण्याच्या वेळी घरी बोलावले. अरुंद स्वयंपाकघरातून इतके पदार्थ कसे बाहेर आले ते समजले नाही. काय आणू, असे मी विचारले तेव्हा आईने इंग्रजीत, दुभाष्यावाचून, काहीही आणायचे नाही असे सांगितले. खजिनदार आजींच्या शेजारी बसले होते आणि दोघांचे काय बोलणे चालले होते ते कोणालाच कळले नाही.

१२ मे २०२४

बारा महिने गेल्या गुरुवारी पूर्ण झाले. निधीत उरलेली रक्कम मोठ्या मुलाच्या येण्यासाठी राखून ठेवावी, असा ठराव खजिनदारांनी स्वतः मांडला आणि तो एकमताने संमत झाला. त्याच्या अर्जावर अजून निर्णय नाही. फाइल आम्ही कुटुंबाच्या स्वाधीन केली, एक प्रत करारधारक संस्थेकडे आहे, आणि विचारपूस यापुढे आई स्वतः करणार आहे. हंगाम संपतानाच्या सवलतीत तिने त्याच्यासाठी थंडीचा कोट घेऊन ठेवला आहे. माप तिने फोनवर विचारून घेतले.